डब्यावरचा पोरगा

“काका, राग मानू नका, पण हा गेम आता फुकट दिला तरी कुणी घरी नेणार नाही,” अमरेश म्हणाला, आणि मागच्या बाजूला छापलेल्या पिना दाखवायला त्यानं डबा काउंटरवर पालथा ठेवला.

गेम बनवणाऱ्या तय्यबनं तो उचलून सुलटा केला. डबा पालथा पडलेला त्याला चालत नसे. वरच्या बाजूला सहा वर्षांचा एक पोरगा होता. पुढचे दात पडलेले, दोन्ही हातांत रिमोट धरलेला, आणि हसू असं की बघणाऱ्यालाही हसू यावं. खाली लाल अक्षरांत ‘बिलाल टीव्ही गेम’, त्याखाली नांदेडच्या इतवाऱ्याचा पत्ता आणि फोन नंबर.

लातूरच्या गंजगोलाईतलं हे दुकान गुरुबसप्पांचं, म्हणजे सगळ्यांच्या अप्पांचं, आणि अमरेश त्यांचा धाकटा मुलगा. तय्यबचा माल लातूर जिल्ह्यात पसरवला तो गुरुबसप्पांनीच. एक काळ असा होता की दिवाळीआधी नांदेडहून टेम्पो भरून यायचा आणि पाडव्याला दुकानात एक डबा शिल्लक नसायचा. उदगीर, निलंगा, औसा, एवढंच काय, किल्लारीच्या भूकंपानंतर बांधलेल्या घरांतसुद्धा ‘बिलाल’ पोचला होता. पोरं टीव्हीसमोर मांडी ठोकून बदकं मारायची, गाड्या पळवायची, आणि आया पाठीत धपाटे घालून त्यांना जेवायला उठवायच्या. मग घरोघरी मोबाइल आले, गेम त्यात शिरले, आणि टीव्हीपुढची मांडी मोडली. आता तय्यब महिन्यातून एकदा एसटीनं यायचा. पिशव्यांत मावेल तेवढा माल आणायचा आणि त्यातला निम्मा तसाच परत न्यायचा. या दिवाळीला माल हलला नाही तर कारखाना बंद, हे त्यानं बायकोला, जोहराला, सांगून ठेवलं होतं. कारखाना म्हणजे तरी काय, घरामागची पत्र्याची खोली. तिथं जोहरा आणि अफसाना नावाची एक विधवा बाई रिमोटच्या वायरी जोडत बसायच्या. अफसानाचं घर त्यावरच चालायचं.

“ऐकून घ्या, तय्यबभाई,” गुरुबसप्पा गादीवरून म्हणाले. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि तोंडात सदा चेष्टा. “पुण्यात पैशे भरून शिकून आलंय ते. तुमाला फुकट सांगून राहिलंय.”

“नव्या टीव्हीला तुमची लाल-पिवळी पिन लावायला जागाच नसते, काका,” अमरेश म्हणाला. “गिऱ्हाईक डबा घरी नेतं, टीव्हीच्या मागं हात घालून भोक शोधतं, आणि दुसऱ्या दिवशी शिव्या देत परत आणतं. पहिलं काम, एचडीएमआयची पिन द्या. वायरी काढा, बिनवायरचे रिमोट द्या. आणि महत्त्वाचं म्हणजे पोरांचा नाद सोडा.”

“आता गेम पोरांनी न्हाई घ्यायचा तर काय म्या घ्यायचा?” अप्पांनी विचारलं.

“बरोबर बोललात. पोरांना मोबाइल आहे. आणि ज्यांना टीव्हीवरच खेळायचंय त्यांना बाहेरून आलेला माल ऑनलाइन मिळतो, काकांच्या निम्म्या किमतीत. त्याच्याशी किमतीत भांडून काका मरतील. पण हा गेम खेळून जे मोठे झाले, ते आता कमावते झालेत. पुण्यात, हैदराबादेत फ्लॅट घेऊन बसलेत. त्यांना तोच जुना डबा पाहिजे. आतलं सगळं नवं करा, बाहेरचं एक अक्षर बदलू नका.”

तय्यबला हे पटलं. पोरगं नुसतं शिकलेलं नव्हतं, त्याला माल कळत होता. इतकी वर्षं कुणी त्याच्या गेमबद्दल असं मन लावून बोललंच नव्हतं. ‘बंद करा आणि मोबाइल दुरुस्तीचं टाका’ एवढंच जो तो सांगायचा. तय्यबला एकदम हलकं वाटलं.

मग अमरेशनं फोन पुढे केला. त्यानं डब्याचा फोटो काढून फेसबुकवर टाकला होता, आणि त्याखाली लोकांची रीघ लागली होती. कुणाला आपला भाऊ आठवला होता, कुणाला मामाचं गाव. पण बहुतेकांनी विचारलं होतं ते एकच. हा डब्यावरचा पोरगा आता कुठं असतो?

“म्हणून म्हणतो, तुमच्या बिलालभाईला बोलवा,” अमरेश म्हणाला. “छोटासा व्हिडिओ करू. तोच डबा हातात, तसंच हसू, आणि ‘ओळखलं का मला?’ एवढंच बोलायचं. बाकी मी बघतो. काका, शब्द देतो, त्यानंतर तुम्हाला हात पुरायचे नाहीत. पहिली मोठी ऑर्डर मी स्वतः टाकतो.”

“बोलवाच,” अप्पा म्हणाले. “जन्मभर फोटोतच बगून राहिलो त्याला. एकदा समोर बसवून चहा पाजू द्या.”

तय्यबनं डब्यावरची धूळ हातानं पुसली. धूळ नव्हतीच.

“रजा न्हाई भेटत त्याला, अप्पा. हैदराबादची कंपनी लई कडक हाय.”

आता खरं काय ते सांगूनच टाकतो, उगाच झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. तय्यबचा मुलगा बिलाल हैदराबादेत नव्हता. कुठंच नव्हता. आठ वर्षांचा असताना मेंदूज्वरानं गेला. ताप आला, मान ताठ झाली, दवाखान्यात नेला आणि परत आणला तो खाटेवर. देगलूर नाक्याच्या पलीकडच्या कब्रस्तानात त्याला ठेवून तय्यब घरी आला, तेव्हा पत्र्याच्या खोलीत त्याच्याच फोटोचे डबे छतापर्यंत रचलेले होते. दिवाळीचा माल होता. तो द्यावाच लागणार होता.

चाळिसाव्या दिवसाचे विधी उरकून तय्यब टेम्पोबरोबर लातूरला गेला. वाटेत लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि तो मनाशी वाक्य जुळवत राहिला, की असं असं झालं, अप्पा. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला तसे गुरुबसप्पा डब्यावरच्या फोटोला टिचकी मारून नेहमीसारखे हसले आणि म्हणाले, “काय, आमचं पोरगं काय म्हणून राहिलं?”

नांदेडात त्या दिवसांत बिलालचं नाव कुणी काढत नव्हतं. तय्यब दिसला की लोक आवाज खाली करायचे, शेजारणी आपापली पोरं आत घ्यायच्या. आणि इथं एक माणूस हसत हसत विचारत होता. तय्यबच्या तोंडून निघून गेलं, “मजेत हाय, अप्पा.”

बस, एवढंच. ठरवून कुणी असलं करत नाही. पण एकदा म्हणून बसल्यावर पुढच्या महिन्यात काय सांगायचं? आणि खरं विचाराल तर तय्यबला सांगायचंही नव्हतं. नांदेडात मेलेला त्याचा मुलगा लातुरात जिवंत होता. महिन्यातून एकदा बसचं तिकीट काढलं की तो भेटायचा.

तर लातुरात बिलाल मोठा होऊ लागला. लातुरात माणसाची विचारपूस मार्कांपासून सुरू होते, त्यामुळे दर वर्षी मार्क सांगावे लागले. दहावीला तय्यबनं त्याला ब्याऐंशी टक्के दिले. नव्वद दिले असते तर अप्पांनी त्याला अकरावीला लातुरात ठेवून घेतलं असतं. तरी ते म्हणालेच, “इकडं धाडा, आमच्या घरी ऱ्हाईल.” तय्यब म्हणाला, “त्याच्या अम्मीला करमत न्हाई त्याच्याबिगर.” मग डिप्लोमा झाला. डिप्लोमात एकदा तय्यबनं त्याला गणितात नापास केलं, कारण सगळं चांगलंच सांगितलं की ऐकणाऱ्याला शंका येते. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी परतीच्या बसमध्ये तो बिलालवर खरोखरच चिडलेला होता. अभ्यास सोडून उंडारतो कुठं हा, असं पुटपुटत तो नांदेडपर्यंत आला होता. पुढे एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, हैदराबादला खोली घेतली, मोटारसायकल घेतली. नांदेडचे व्यापारी लातुरात येत नसत असं नाही, पण इतवाऱ्यातल्या एका पोराचं जुनं मरण गंजगोलाईत कोण सांगत बसणार?

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मात्र तय्यबला डोळा लागला नाही. ऑर्डर समोर दिसत होती. अफसानाला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणायची पाळी टळत होती. आणि वाटेत कुठंतरी त्याच्या डोक्यात आलं, जीशान! त्याच्या भावाचा मुलगा, उमरीला मोबाइलचं दुकान चालवतो. तिशीचा आहे, नाक बिलालसारखंच, सगळ्या खानदानाचं तसंच आहे. दोन मिनिटं डबा हातात धरून हसायचं. त्यात कुणाचं काय वाईट होणार होतं? नांदेड येईपर्यंत त्याचं मन जवळजवळ पक्कं झालं होतं.

घरी आला तेव्हा ऊन अजून अंगणातच होतं. अफसाना निघून गेली होती. जोहरानं पाणी दिलं आणि समोर बसली. ती दोघं घरात दखनी उर्दूतच बोलायची. त्यांचं बोलणं आपण आपल्या मराठीत ऐकू.

“लातूरहून फोन आला होता,” ती म्हणाली. “अमरेश म्हणून कुणी पोरगा होता. डब्यावरच्या नंबरला लावला होता.”

तय्यबनं गिलास खाली ठेवला.

“म्हणाला, काकू, बिलालभाईचा हैदराबादचा नंबर द्या. मी स्वतः रजेचं बोलतो त्यांच्याशी.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हणाले, ते आल्यावर देतील.”

ती आता ओरडेल, ऊर बडवेल, असं तय्यबला वाटत होतं. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. पण तिनं एकदम हळू आवाजात विचारलं,

“काय करतो तो तिथं?”

“जोहरा…”

“विचारते ते सांगा. हैदराबादला काय करतो?”

“एसीच्या कंपनीत आहे,” तय्यब म्हणाला. “दुरुस्तीला.”

“जेवतो कुठं?”

अप्पांनी हे कधी विचारलंच नव्हतं. “मेसमध्ये,” तो म्हणाला.

मग तिनं एकेक करून सगळं काढून घेतलं. शाळा कुठली, दोस्त कोण, मार्क किती. ब्याऐंशी टक्क्यांवर ती किंचित हसली. गणिताचं आलं तेव्हा मात्र तिच्या कपाळाला आठी पडली.

“नापास? माझा पोरगा? बोटांवर हिशेब करायचा तो शाळेत जायच्या आधीपासून. दुकानातून सुट्टे घेऊन यायचा, एक पैसा चुकायचा नाही. तुम्ही त्याला नापास कसा केलात?”

“खरं वाटावं म्हणून केलं.”

“दुसऱ्या कशात करायचं होतं. इंग्रजीत करायचं होतं.”

आणि मग ती रडली. ओढणी तोंडात कोंबून, वाकून रडली. तय्यबनं तिच्या पाठीवर हात ठेवला तसा तिनं तो झटकला.

“तुम्ही एकटेच भेटत होता त्याला,” ती म्हणाली. “इतकी वर्षं. दर महिन्याला. मी इथं या खोलीत त्याच्या फोटोचे डबे बांधत होते, आणि तो तिकडं मोठा होत होता. एकदा तरी येऊन सांगायचं होतं मला. आज असं असं झालं, बिलाल पास झाला. मी काय म्हणणार होते? मी पण ऐकलं असतं.”

खोटं बोलल्याची शरम तय्यबनं एवढी वर्षं बाळगली होती, पण आपण तिच्या वाटणीचं काही तिकडं एकटेच खाऊन येतो, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. ते आता आलं, आणि त्याला आपलीच घृणा वाटली.

तरी काही वेळानं त्यानं भीत भीत जीशानचं काढलं. ऑर्डर, अफसाना, खोली, सगळं सांगितलं. जोहरानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि नाही म्हणून मान हलवली.

“जीशान चांगला मुलगा आहे. तुम्ही म्हणाल तर येईलही बिचारा. पण लोक त्याच्याकडे बघून म्हणतील, हा बघा बिलाल. मग माझा कुठला?”

तिनं चेहरा धुतला, नमाज पढली आणि चुलीपाशी जाता जाता म्हणाली, “उद्या लातूरला जाऊ. मी येते. कधी बघितलं नाही मी लातूर. ज्या दुकानात तो एवढा वाढला ते मला बघायचंय.”

गंजगोलाईत दुपारची गर्दी होती. बुरख्यातली बाई तय्यबबरोबर पायरी चढताना दिसली तसे गुरुबसप्पा गादीवरून उठलेच.

“या, भाभी, या. काय नशीब आमचं! अमऱ्या, पंखा वाढव. थंड सांग.” आणि बसल्या बसल्या त्यांनी विचारलंच, “काय म्हणतं पोरगं? रजा भेटली का?”

जोहरानं नकाब वर केला आणि तय्यबकडे पाहिलं. हे बोलणं त्याचं होतं, ती बोलणार नव्हती.

“अप्पा,” तय्यब म्हणाला, “बिलाल न्हाई.”

“न्हाई म्हंजे? नोकरी सोडली?”

“न्हाई, अप्पा. वारला.”

गुरुबसप्पांचा हात छातीवर गेला. “कवा?”

तय्यबला पुढचं बोलता येईना. मग जोहराच बोलली, जमेल तशा मराठीत.

“तो लहान होता तवाच गेला, भाईसाब. आठ वर्षांचा होता. ह्यांना तुमच्यापुढं सांगता आलं न्हाई. माफी करा.”

अमरेशच्या हातातला फोन वाजत होता, त्यानं तो बंद करून खिशात टाकला. गुरुबसप्पा एकदा डब्याकडे बघत होते, एकदा तय्यबकडे.

“मंग ते दहावीचं?” त्यांनी विचारलं.

खोटं होतं, अशी तय्यबनं मान हलवली.

“आन् गणितात नापास झाला तवा मी तुमाला म्हणलं, रागावू नका लेकराला, पुढच्या खेपेला निघंल… ते?”

“ते बी, अप्पा.”

आता हा माणूस आपल्याला पायरी उतरायला सांगेल, असं तय्यबला वाटलं, आणि तसं सांगण्याचा त्यांना हक्कही होता. गुरुबसप्पा उठले. गुडघ्यावर हात रेटत ते दारापर्यंत गेले, कोपऱ्यातली आकडी घेतली आणि शटर खाली ओढलं. पुरतं नाही, अर्ध्यावर आणून सोडलं. दुकानदाराच्या घरचं कुणी गेलं की बाजारात शटर असंच अर्धं खाली येतं, आणि ते दिसल्यावर शेजारपाजारच्यांना बोलावणं धाडावं लागत नाही.

भर दुपारी अप्पांचं शटर खाली आलेलं बघून भांड्यांच्या दुकानातला शिवप्पा वाकून आत आला. त्याच्यामागं चपलांच्या दुकानातला भागवत. दोघांनी पायताणं बाहेर काढली होती.

“काय झालं, अप्पा? कोण गेलं?”

“तय्यबभाईचं पोरगं,” गुरुबसप्पा म्हणाले.

“ते हैदराबादचं? बिलाल?”

“हाव.”

“अरारारा,” शिवप्पा म्हणाला. त्यानं बिलालला कधी बघितलं नव्हतं. पण अप्पांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की त्याला तो ओळखीचाच होता. “तरणंताठं पोरगं ते. कवा गेलं?”

तय्यबनं डोळे मिटले. गुरुबसप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आज,” ते म्हणाले.

बिलाल गेला तेव्हा तय्यब रडला नव्हता. जोहराला सांभाळायचं होतं, आणि मागून टेम्पो भरायचा होता. आता तो रडला. काउंटरवर डोकं टेकून, माणसांत, मोठ्यानं रडला, आणि शिवप्पा त्याचे खांदे धरून उभा राहिला. अमरेश जाऊन पाणी घेऊन आला. ऑर्डरचं कुणी बोललं नाही.

बाजारात बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? माणसं वाकून वाकून शटरखालून आत येत राहिली. चहाटपरीवाला आला, समोर बांगड्यांची गाडी लावणारी नागुबाई आली. नागुबाईनं जोहराला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तिनं सरळ जाऊन तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि विचारलं, “लगीन झालं व्हतं का गं, बाई, लेकराचं?”

“न्हाई,” जोहरा म्हणाली. “यंदा करणार होतो.”

आणि बाकावर जराशी सरकून तिनं नागुबाईला बसायला जागा करून दिली.